आव, जंत आणि उजव्या कुशीतली गाठ : बालाघाटातील एक प्रकरण

पोटातले जंत किंवा जुनी आव पुढे आतड्याच्या कर्करोगाला कारण होते का, हा प्रश्न रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मला अनेकदा विचारतात. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून त्यासाठी एकच प्रकरण सविस्तर मांडत आहे, कारण या प्रकरणात परजीवी आणि कर्करोग दोन्ही एकाच काचेच्या पट्टीवर, एकाच तुकड्यात दिसले. अशा वेळी दोघांचे नाते जोडण्याचा मोह नातेवाइकांना होतो तसा डॉक्टरलाही होतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

रुग्ण आणि त्याचा हंगाम

रुग्ण ४४ वर्षांचा, धारूर तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर असलेल्या एका गावचा. शेती तीन एकर, कोरडवाहू आणि मुरमाड. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याच्या टोळीत जातात आणि साधारण पाच महिने फडाशेजारी कोपीत राहतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असल्यामुळे ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही, आणि आजारपणात काम बुडाले तर खाडा पडतो. असे तपशील केसपेपरवर सहसा लिहिले जात नाहीत, परंतु पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत या माणसाचे जे दहा महिने गेले, त्यांतल्या निम्म्या महिन्यांचा हिशेब याच तपशिलात आहे.

फडावर पिण्याचे पाणी कधी विहिरीचे तर कधी कालव्याचे असते आणि शौचाला उघड्यावर जावे लागते. आव करणाऱ्या अमिबा या एकपेशीय परजीवीची सिस्ट, म्हणजे कवचातली सुप्त अवस्था, विष्ठेतून बाहेर पडून ओलाव्यात कित्येक दिवस तग धरते. पिण्याच्या पाण्यात नेहमी टाकतात तेवढ्या क्लोरिनने ती मरत नाही, पाणी उकळले तर मरते. कोपीत तीन दगडांच्या चुलीवर भाकरीपुरते जळण कसेबसे मिळवणाऱ्या कुटुंबाला पाणी उकळून प्यायला सांगणे किती सोपे आहे, हे मी अनेकदा सांगून पाहिले आहे. घरी परतल्यावरही फार फरक पडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे देशाने पाहिले. पण त्याच्या आधी आणि नंतरही गावोगावच्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांत पहिली काटछाट हात धुण्याच्या पाण्यात होते.

डिसेंबरमध्ये रुग्णाला पोटात मुरडा मारून दिवसातून सहा-सात वेळा जुलाब होऊ लागले. त्यात आव पडत होती आणि क्वचित रक्तही. फडाजवळच्या गावातील एका दवाखान्यात इंजेक्शन आणि अमिबावरच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या मिळाल्या व चार दिवसांत आराम पडला. फेब्रुवारीत तोच त्रास परत झाला. या वेळी शौचाची तपासणी झाली आणि अहवालात ‘ई. हिस्टोलिटिकाच्या सिस्ट आढळल्या’ असे लिहून आले. पुन्हा त्याच गोळ्या, पुन्हा आराम. तेव्हापासून घरात, टोळीत आणि पुढे प्रत्येक दवाखान्यात या माणसाच्या आजाराचे नाव ठरून गेले : जुनी आव.

मार्चअखेर टोळी गावी परतली. उन्हाळ्यात जुलाब थांबले, पण दम लागू लागला आणि पांढऱ्या पडलेल्या नखांकडे बायकोचे लक्ष गेले. मे महिन्यात हिमोग्लोबिन ७.९ भरले. ‘जंतांमुळे रक्त कमी झाले आहे’ असे सांगून त्याला अल्बेंडाझोल या जंतनाशकाची एक गोळी आणि महिनाभराच्या लोहाच्या गोळ्या देण्यात आल्या. त्याने त्या नियमाने घेतल्या, असे बायको शपथेवर सांगते. जुलैत पेरणी कशीबशी उरकली. वजन तोवर नऊ किलोंनी उतरले होते.

जंतांचे निदान मूर्खपणाचे नव्हते

ऑगस्टमध्ये रुग्ण अंबाजोगाईत माझ्याकडे आला तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ होते, तांबड्या पेशी आकाराने लहान व फिकट होत्या आणि फेरिटिन तळाला गेले होते. म्हणजे लोहाचा साठा संपला होता. आधीच्या डॉक्टरांना इथे दोष देणे सोपे आहे, परंतु ते योग्य होणार नाही. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसात अंकुशकृमी हे रक्तक्षयाचे खरेखुरे कारण असते. नेकेटर जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त शोषतो आणि अँकिलोस्टोमा जातीचा ०.१५ ते ०.२ मिलिलिटर. आतड्यात दुसऱ्या जातीचे शंभर कृमी असले तर रोजचे पंधरा-वीस मिलिलिटर रक्त गेले, आणि ज्वारीची भाकरी व पातळ वरण एवढ्यावर ते भरून निघत नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम २०१५ पासून चालू आहे, पण ती १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी आहे; ४४ वर्षांच्या मजुराला ती गोळी कुणी वेगळी दिली तरच मिळते. त्यामुळे अल्बेंडाझोल देणे चूक नव्हते.

चूक पुढच्या पायरीवर झाली. शौचात अंकुशकृमीची अंडी आहेत का, हे कुणी पाहिले नाही. मी पाहिले तेव्हा तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नमुन्यांत ती नव्हती, आणि कृमी असताना बहुधा वाढलेल्या दिसणाऱ्या इओसिनोफिल पेशी दोनच टक्के होत्या. लोहाच्या गोळ्या खरोखर घेतल्या आणि रक्त कुठे वाहत नसेल तर दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एका ग्रॅमने चढायला हवे. इथे ते उतरले होते. पाळी येत नाही आणि बाळंतपण होत नाही अशा देहात, म्हणजे प्रौढ पुरुषात, लोहाची कमतरता आढळली की रक्त जठरातून किंवा आतड्यातून जात आहे असे गृहीत धरून दोन्हीकडून दुर्बीण घालावी लागते. ‘जंत’ हा शब्द एकदा कागदावर आला की हा नियम कुणाला आठवत नाही.

माझे सहा आठवडे

तपासताना उजव्या कुशीत, बेंबी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, लिंबाएवढी टणक गाठ हाताला लागली. दाबल्यावर थोडी दुखत होती. सोनोग्राफीत सीकमची, म्हणजे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथल्या पिशवीची, भिंत जाड झालेली दिसली. मराठवाड्यात या जागेच्या गाठीला तीन नावे पटकन आठवतात : आतड्याचा क्षय, अमिबोमा आणि कर्करोग. माझ्या मनातही ती याच क्रमाने आली आणि त्या क्रमानेच माझा घात केला.

अमिबोमा म्हणजे अमिबाच्या दीर्घ संसर्गाने आतड्याच्या भिंतीत तयार होणारी सुजेची गाठ. ती बहुतेक वेळा सीकम आणि त्यावरच्या चढत्या आतड्यात होते. सीटी स्कॅनवर आणि कधी कधी दुर्बिणीतूनही ती हुबेहूब कर्करोगासारखी दिसते, मात्र औषधाने विरघळते. कर्करोग समजून आतडे कापले आणि तुकड्यात केवळ अमिबा निघाला, अशी उदाहरणे वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. मी ती वाचलेली होती. रुग्णाच्या रक्तात अमिबाविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणीही सकारात्मक आली. जिथे हा संसर्ग घरोघरी होतो तिथे ती चाचणी जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गानंतरही कित्येक वर्षे सकारात्मक राहते, हे मला माहीत होते. तरी हातात आलेला कागद मनाला हवे ते सांगत होता. मी दहा दिवस मेट्रोनिडाझोल आणि त्यानंतर दहा दिवस डायलॉक्सॅनाइड फ्युरोएट हे आतड्यात उरलेल्या अमिबावरचे दुसरे औषध लिहून दिले, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आणि महिन्याने बोलावले.

तो महिन्याने आला नाही, सहा आठवड्यांनी आला. बरे वाटत होते, भूक लागत होती, गाठही थोडी लहान लागली. निदान मला तसे वाटले. हिमोग्लोबिन मात्र चढवलेले रक्त धरूनही पुन्हा सातावर आले होते. दुसरे औषध तालुक्याच्या दुकानात मिळाले नाही, म्हणून घेतलेच नव्हते. त्याच दिवशी मी त्याला लातूरला कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी, पाठवले. ती ऑगस्टमध्येच व्हायला हवी होती. गाठ हाताला लागत असताना, लोह संपलेले असताना आणि वजन नऊ किलो उतरलेले असताना ‘आधी औषध देऊन पाहू’ ही भूमिका घेण्याइतकी सबळ माहिती माझ्याकडे नव्हती. दुर्बिणीला पैसे लागतील, लातूरला जायचा दिवस बुडेल, हा विचारही मी त्याच्या वतीने करून टाकला होता, त्याला न विचारता.

तुकड्यात काय दिसले

सीकममध्ये साडेचार सेंटिमीटरची, कडा उचललेली आणि मधोमध व्रण पडलेली वाढ होती. उरलेल्या आतड्यात, विशेषतः खालच्या भागात, तीन-चार उथळ व्रण होते आणि त्यांच्यामधले आतड्याचे अस्तर निरोगी होते. तुकड्यांच्या अहवालात दोन निदाने आली. मुख्य वाढीत मध्यम प्रतीचा ग्रंथिल कर्करोग, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा. आणि त्याच वाढीच्या व्रणावरच्या मृत पेशींच्या थरात, तसेच खालच्या उथळ व्रणांत, अमिबाचे ट्रोफोझोइट, म्हणजे कवचाबाहेरची हालती-खाती अवस्था. पॅथॉलॉजिस्टने पीएएस रंग वापरून ते पक्के केले होते. ट्रोफोझोइटच्या पोटात तांबड्या पेशी होत्या आणि ही खूण महत्त्वाची आहे.

ती का महत्त्वाची, हे सांगायला फेब्रुवारीच्या त्या पहिल्या अहवालाकडे परत जावे लागते. एंटामिबा हिस्टोलिटिका आणि एंटामिबा डिस्पार या दोन जाती सूक्ष्मदर्शकाखाली सिस्टच्या अवस्थेत एकसारख्या दिसतात. पहिली रोग करते, दुसरी निरुपद्रवी आहे. दोन्ही वेगळ्या असल्याचे १९९३ पासून मान्य झाले आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ बैठकीने सांगितले की केवळ सिस्ट दिसल्यावर अहवालात दोन्ही जातींची नावे जोडून लिहावीत. तरीही ‘ई. हिस्टोलिटिका’ असा छापील शिक्का आपल्याकडे चालूच आहे. हिस्टोलिटिकाचा संसर्ग झालेल्यांपैकीही दहातल्या नऊ जणांना काहीच त्रास होत नाही. म्हणजे शौचाच्या अहवालातील सिस्ट हा रुग्णाच्या आजाराचे कारण असल्याचा पुरावा नसतो. त्याने कधीतरी दूषित पाणी प्यायले एवढेच त्यावरून कळते. तांबड्या पेशी गिळलेला जिवंत ट्रोफोझोइट हा मात्र पुरावा असतो आणि तो दिसायला ताजे शौच अर्ध्या तासाच्या आत तपासावे लागते. सकाळी डबीत घेतलेला आणि एसटीने दुपारी तालुक्याला पोचलेला नमुना त्या कामाचा राहत नाही.

या रुग्णात अमिबाचा आजार खरा होता. तसाच कर्करोगही खरा होता. डिसेंबर आणि फेब्रुवारीतले मुरड्याचे झटके बहुधा अमिबाचे होते, म्हणून ते औषधाने थांबले. हळूहळू झिरपणारे रक्त, उतरणारे वजन आणि गाठ कर्करोगाची होती, म्हणून ती थांबली नाहीत. उजव्या बाजूचे आतडे रुंद असते आणि त्यातला मळ पातळ असतो, त्यामुळे तिथली गाठ अडथळा उशिरा करते आणि तिचे रक्त मळात मिसळून डोळ्यांना दिसत नाही. औषधाने एका आजाराला मिळालेला उतार दुसऱ्याच्या खात्यावर मांडला गेला.

‘आवंमुळंच झालं का?’

निदान सांगितल्यावर रुग्ण गप्प राहिला. बायकोने विचारले, ‘डॉक्टर, हे आवंमुळंच झालं का? पहिल्यांदाच धड औषध घेतलं असतं तर टळलं असतं का?’ तिच्या प्रश्नात स्वतःवरचा ठपका होता, कारण दुसऱ्या वेळच्या गोळ्या तिनेच निम्म्यावर बंद केल्या होत्या. मी तिला ‘नाही, ताई, त्या गोळ्यांनी हे टळलं नसतं’ असे सांगितले. ते उत्तर केवळ धीर देण्यासाठी नव्हते. त्यामागची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

परजीवीमुळे कर्करोग होतो, ही कल्पना खुळी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तीन कृमी माणसात निश्चितपणे कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहेत. शिस्टोसोमा हिमॅटोबियम मूत्राशयाचा कर्करोग करतो. ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी आणि क्लोनॉर्किस सायनेन्सिस हे यकृतातले चपटे कृमी पित्तनलिकांचा. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या गोड्या मासळीतून ओपिस्थॉर्किस पोटात जातो, पित्तनलिकेत वर्षानुवर्षे राहतो, सूज कधीच उतरू देत नाही आणि तिथल्या पेशी पुनःपुन्हा मरून पुनःपुन्हा वाढत राहतात. महाराष्ट्राला हा विषय अगदीच परका नाही : रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचा एक स्थानिक टापू १९५२ मध्ये नोंदला गेला होता.

या तिघांत मोठ्या आतड्याचा कर्करोग करणारा एकही नाही. आतड्यापुरता सर्वांत जवळचा उमेदवार म्हणजे चीन आणि फिलिपिन्समधला शिस्टोसोमा जॅपोनिकम. त्याची अंडी आतड्याच्या भिंतीत अडकून राहतात, आणि त्यालाही संस्थेने ‘कदाचित कर्करोगकारक’ याच गटात ठेवले आहे. आफ्रिकेतला शिस्टोसोमा मॅन्सोनी, जो आतड्यातच आजार करतो, त्याच्या बाबतीत पुरावा वर्गीकरणाला अपुरा ठरला. बालाघाटाच्या ओढ्यांत यांपैकी कोणाचाही वास नाही.

एकपेशीय परजीवींबद्दलची माहिती अधिक नवी आणि अधिक निसरडी आहे. फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या उंदरांना स्टेरॉइड देऊन क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हमचा संसर्ग केला तर त्यांच्या आतड्यात कर्करोगसदृश वाढ होते. पुढे आतड्याचा कर्करोग झालेल्या माणसांत हा परजीवी इतरांपेक्षा अधिक वेळा सापडल्याचे काही पाहण्यांत दिसले. ब्लास्टोसिस्टिसबद्दलही असेच आहे : त्याचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर टाकला की त्या जोमाने वाढतात आणि रुग्णांच्या शौचात तो अधिक सापडतो. या पाहण्यांतली अडचण अशी की शौच तपासले जाते तेव्हा कर्करोग आधीच झालेला असतो. गाठ आतड्याची हालचाल, आम्लता आणि जिवाणूंची वस्ती बदलते. आजारपण आणि किमोथेरपी प्रतिकारशक्ती उतरवतात. मग परजीवीला जागा मिळते. कोण आधी आला हे ठरवायला निरोगी माणसांचे नमुने घेऊन त्यांच्या मागे दहा-पंधरा वर्षे राहावे लागते.

खुद्द अमिबाचे काय? तो विध्वंसक आहे यात शंका नाही. आतड्याच्या पेशींना तो एका विशिष्ट प्रथिनाने चिकटतो, आणि तो जिवंत पेशींचे अक्षरशः लचके तोडतो हे २०१४ मध्ये सिद्ध झाले. पण त्याचे व्रण बरे झाले की बहुधा खूणही मागे ठेवत नाहीत. दीर्घकाळच्या सुजेतून आतड्याचा कर्करोग होतो हे अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारात दिसते, परंतु तिथेही धोका मोजण्याइतका वाढायला सुमारे आठ वर्षांची सूज लागते, म्हणूनच त्या रुग्णांची दुर्बिणीची नियमित तपासणी आठव्या वर्षापासून सुरू करतात. साधा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला कोंब, कर्करोगात बदलायला बहुतेक वेळा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. एपीसी, केरास, टीपी५३ अशा जनुकांत एकामागून एक बिघाड साठत जातात. या रुग्णाची आव डिसेंबरात सुरू झाली आणि साडेचार सेंटिमीटरची गाठ सप्टेंबरात दिसली. नऊ महिन्यांत तशी गाठ होत नाही. रुग्ण पहिल्यांदा शौचाला मुरडत बसला तेव्हा ती तिथे होतीच. तिचा व्रण पडलेला, रक्ताळलेला, मृत पेशींनी भरलेला पृष्ठभाग अमिबाला आयता गोठा मिळाला असावा, हे स्पष्टीकरण मला उलट क्रमापेक्षा कितीतरी अधिक पटते.

दुसरा एक पुरावा घराजवळचा आहे. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातील ही देशातील पहिली लोकसंख्याधारित नोंदणी. बार्शीबरोबर मराठवाड्यातले भूम आणि परंडा हे तालुकेही तिच्यात आहेत. जंत आणि आव यांची या खेड्यांत कधीच वाण नव्हती, तरीही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे शहरी नोंदण्यांपेक्षा कमी राहिले आहे. एवढ्यावरून परजीवी निर्दोष ठरत नाहीत, कारण खेड्यात आहार, वजन, आयुर्मान आणि निदानाची सोय हे सगळेच वेगळे असते. तरी अमिबा हे मोठे कारण असते तर चित्र उलटे दिसायला हवे होते.

मला अशा वेळी डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांची आठवण होते. झुरळांतून उंदरांच्या जठरात जाणाऱ्या एका कृमीने कर्करोग होतो असे त्यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लक्षात आले की त्या उंदरांना अ जीवनसत्त्व मिळत नव्हते आणि दिसलेल्या बहुतेक वाढी कर्करोग नव्हत्याच. कृमी तिथे होता, गाठही तिथे होती, दोन्ही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

शस्त्रक्रिया, औषधे आणि पुन्हा जुलाब

अमिबाने कर्करोग केला नसला तरी उपचारात त्याला वगळता येत नव्हते. आतड्यात जिवंत अमिबा असताना आतडे कापून जोडले तर शिवण फाटण्याचा धोका असतो, आणि किमोथेरपीच्या उलट्या थांबवायला दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दबलेला अमिबा उफाळून आणू शकते. या जोडीबद्दल उलट्या बाजूनेही सावध राहावे लागते : अमिबाच्या व्रणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस समजून भरपूर स्टेरॉइड दिले आणि आतडे फुटले, असे घडते. म्हणून या वेळी मेट्रोनिडाझोल आणि डायलॉक्सॅनाइड दोन्ही समोर बसवून पूर्ण केले. दुसरे औषध लातूरहून आणवले.

ऑक्टोबरात छत्रपती संभाजीनगर येथे शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली. उजव्या बाजूचे आतडे काढले. गाठ भिंतीच्या स्नायूंपलीकडे चरबीपर्यंत पोचली होती आणि काढलेल्या १५ लसिकाग्रंथींपैकी दोनमध्ये कर्करोग होता, म्हणजे तिसरा टप्पा. डीएनए दुरुस्त करणारी प्रथिने शाबूत होती, त्यामुळे लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची शक्यता मावळली. कॅपेसिटाबिन आणि ऑक्झालिप्लॅटिन अशी तीन महिन्यांची, चार फेऱ्यांची किमोथेरपी ठरली. आणखी सहा आठवडे आधी काय आढळले असते, या प्रश्नाला उत्तर नाही. तो मला पडतो एवढे लिहून ठेवतो.

दुसऱ्या फेरीनंतर रुग्णाला दिवसातून आठ जुलाब होऊ लागले. गावातल्या सर्वांचे आणि फोनवरून टोळीतल्या सोबत्यांचेही एकमत झाले की आव परत आली. मेट्रोनिडाझोलची पाकिटे घरात होतीच, दोन दिवस ती चालूही झाली. ताजे शौच तपासले; त्यात अमिबा नव्हता, सिस्ट नव्हती, काहीच नव्हते. हे कॅपेसिटाबिनचे जुलाब होते आणि त्यावर इलाज म्हणजे औषध काही दिवस थांबवून पुढे कमी मात्रेत देणे. वेळेवर कळले नसते तर अंगातले पाणी तुटून तो दगावू शकला असता. थंड पाण्याला हात लागला की बोटांत वीज चमकते, ही ऑक्झालिप्लॅटिनची तक्रार मात्र त्याने चारही फेऱ्यांत एकदाच केली, तीही पहाटे गुरांना पाणी पाजताना जाणवले म्हणून.

एका गोष्टीसाठी मला बराच आग्रह धरावा लागला. पहिल्या पिढीतल्या नातेवाइकाला इतक्या कमी वयात हा कर्करोग झाला असेल तर सख्ख्या भावंडांची कोलोनोस्कोपी चाळिशीत, किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा करावी लागते. त्याचा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा, त्याच टोळीत जाणारा. म्हणजे त्याची वेळ चार वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. तो मला म्हणाला, ‘मला आव नाही, डॉक्टरसाहेब. वाटलं तर जंताची गोळी घेतो.’ शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही. त्यामुळे लक्षण नसलेल्या माणसाने दुर्बीण का घालून घ्यावी, हे सांगायला माझ्या पाठीशी भिंतीवरचे एक भित्तिपत्रकही नव्हते. उचल घेऊन झाली होती, तो हंगामाला निघून गेला.

एप्रिलमध्ये परतल्यावर तो आपणहून आला. वहिनीने धाडले होते. शौचाच्या तीन तपासण्यांत कसलाही परजीवी नव्हता. चढत्या आतड्यात मात्र १२ मिलिमीटरचा एक पॉलिप होता, तो दुर्बिणीतूनच काढला. अहवाल अॅडिनोमाचा आला, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारी वाढ; कर्करोग नव्हता. त्याची पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी आहे. मोठ्या भावाच्या रक्तातले सीईए, म्हणजे कर्करोग परतल्याची चाहूल देणारे प्रथिन, दर तीन महिन्यांनी पाहतो आहोत, पहिल्या वर्षाची दुर्बीण येत्या सप्टेंबरात ठरली आहे, आणि शेवटचे हिमोग्लोबिन १२.४ होते.